अमळनेरच्या तेलाची गोष्ट

आपल्या मोहल्ल्यात धंद्याचा विषय निघाला की अझीम प्रेमजींचे नाव हमखास घेतले जाते. ‘आपल्यातलाच माणूस’ असे आम्हीही अभिमानाने म्हणत आलो. पण या माणसाने सुरुवातीला काय विकले आणि तेवढ्यावरच तो का थांबला नाही, हा इतिहास आपण क्वचितच वाचतो.

ही गोष्ट खानदेशातली आहे. साने गुरुजींनी ज्या अमळनेरात शिकवले, त्याच गावात १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. आसपास भुईमुगाचे पीक, म्हणून वनस्पती तुपाचा कारखाना. पुढे फाळणी झाली, पण कारखाना जागचा हलला नाही. तेल शुद्ध करताना उरणारा चिकट गाळ इतर कुणी फेकून दिला असता. इथे त्यातून कपडे धुण्याचा साबण निघाला. पहिली नवी वस्तू अशी जुन्या वस्तूच्या पोटातून आली.

१९६६ साली वालिद अचानक गेले. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत असलेला २१ वर्षांचा मुलगा तालीम अर्धवट टाकून परतला. तो काळ परवान्यांचा होता. आपल्या मनाने कारखान्याची क्षमता वाढवता येत नसे. एकाच मालावर बसलेला कारखानदार पिकाच्या, भावाच्या आणि सरकारी हुकमाच्या हाती असे. प्रेमजींनी धंद्याला दुसरे पाय जोडायला सुरुवात केली. १९७५ च्या सुमारास ट्रक आणि अवजड यंत्रांना लागणारे हायड्रॉलिक सिलिंडर आले. १९७७ मध्ये नावातून ‘व्हेजिटेबल’ गेले आणि ‘विप्रो’ उरले. विदेशी भांडवलावरच्या कायद्यामुळे १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. ती मोकळी झालेली जागा त्यांनी हेरली आणि तूपवाल्यांची कंपनी संगणक बनवू लागली. १९८० च्या दशकात ‘संतूर’ साबण आला. पुढे सॉफ्टवेअर मोठे झाले आणि २००० साली कंपनीची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंद झाली.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दहा दुकाने थाटणे म्हणजे विस्तार नव्हे. साबणाला तेलाचा आधार होता आणि संगणकाला शिकलेल्या इंजिनिअरांचा. जुना धंदा चालू ठेवून, त्याच्या कमाईवर नवा उभा केला गेला. जे चालेना ते सोडलेही: २०१३ साली विप्रोने स्वतःचे संगणक बनवणे बंद केले. त्याच वर्षी साबण आणि हायड्रॉलिकचा कारभार सॉफ्टवेअरपासून वेगळा झाला.

आता आपल्याकडे पाहू. अमळनेरहून मालेगाव काही फार लांब नाही. तिथे किंवा भिवंडीत सुताचा भाव चढला की गल्लीतले माग एकदम थांबतात, कारण साऱ्या गल्लीचा रोजगार एकाच कापडावर असतो. बापाचा माग मुलाकडे येतो, आणि मुलगा तेच कापड, त्याच व्यापाऱ्याला, त्याच भावात देतो. मंदी आली की आपण नशिबाला बोल लावतो. नशीब असेलही, बँका कर्जाला हात आखडता घेतात हेही खरे, आणि प्रेमजींना मिळालेले भांडवल व शिक्षण प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही हेही खरे.

तरीही त्या चिकट गाळाची गोष्ट आपल्या आवाक्यातली आहे. चिंधी, भुसा, चामड्याचे तुकडे, बेकरीच्या भट्टीची उरलेली धग: आपल्या कारखान्यात रोज काय वाया जाते, हे पाहायला परवाना लागत नाही. चार मागवाल्यांनी मिळून एका माणसाला रंगकाम किंवा शिवणकाम शिकवले, तरी मंदीत एक चूल पेटती राहील. आणि मुलीला शिकवले, तर हिशेबाची वही तीच सांभाळेल.

प्रेमजींचे नाव आपण जरूर घ्यावे. पण नाव घेऊन माग सुरू होत नाही. साबण गाळातून निघाला होता, हे आपल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवे.