वेर्तिन्स्की : छापील नोंद नसलेली लोकप्रियता

अलेक्सांद्र वेर्तिन्स्की सोव्हिएत रशियात किती लोकप्रिय होता, हे तिथल्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांवरून ठरवायचं तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. गाणी स्वतः रचून, चाली बांधून गाणारा हा कलावंत पहिल्या महायुद्धाच्या काळात मॉस्कोत पियेरो विदूषकाच्या वेशात पुढे आला. 1920 मध्ये त्यानं देश सोडला. पॅरिस, शांघाय अशी भटकंती करून, सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवला विनंतीपत्र पाठवून, 1943 मध्ये तो परतला.

परतल्यावर स्तालिननं त्याला अभय दिल्याचे किस्से आजही चवीनं सांगितले जातात. ऐकीव गोष्टी, त्या बाजूलाच ठेवू. त्याच्या आठवणीही जपूनच वापरायला हव्यात. त्या मायदेशी छापून याव्यात म्हणून लिहिलेल्या आहेत.

खरा आधार आहे तो सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री काफ्तानोव यांना त्यानं 1956 मध्ये लिहिलेल्या पत्राचा. अतिपूर्वेच्या सखालिनपासून पश्चिमेकडच्या दोनबासपर्यंत आपण गायलो, कार्यक्रमांचं तिसरं हजार संपत आलं, असं तो त्यात सांगतो. मग प्रश्नांची सरबत्ती. रेडिओवर मी का नाही? ज्याची भाषा इथं कुणाला कळत नाही तो फ्रेंच गायक इव्ह माँताँ माझ्यापेक्षा जवळचा कसा? तेरा वर्षांत एकही परीक्षण का नाही? पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा सूर चढा असणारच. पण कार्यक्रमांच्या आकड्यात फुगवटा फारसा नसावा: ते कार्यक्रम सरकारी यंत्रणाच लावत होती आणि वाचणारा त्याच सरकारातला. शंभरावर गाण्यांपैकी जेमतेम तीसच गायची परवानगी होती, हे ध्यानात घेतलं तर प्रेक्षक तीच ती गाणी ऐकायला पुन्हा पुन्हा येत होते, असं म्हणावं लागतं.

दुसरा पुरावा लेनिनग्राडचा, आणि तो बेकायदा. तिथं चोरट्या तबकड्या दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर कोरल्या जात. फिल्म कात्रीनं गोल कापायची, मधलं भोक सिगारेटनं पाडायचं. उजेडात धरली की कुणाच्या तरी बरगड्या दिसत, आणि त्यांच्यावरून सुई फिरत असे. परदेशात निघालेली वेर्तिन्स्कीची गाणी अशाच फिल्मवर फिरली. या धंद्यातल्या रुस्लान बोगोस्लोव्स्कीला 1950 मध्ये अटक झाली. मागणी नसलेल्या मालासाठी कोणी तुरुंग ओढवून घेत नाही. माझ्या मते कुठल्याही परीक्षणापेक्षा ही साक्ष वजनदार आहे.

सरकारी मान्यता मिळाली तीही गाण्याला नव्हे. 1951 चं स्तालिन पारितोषिक त्याला एका चित्रपटातल्या कार्डिनलच्या भूमिकेसाठी मिळालं.

तीस-चाळीस वर्षांनी लोक आपल्याला विस्मृतीच्या तळघरातून उकरून काढतील, असं भाकीतही त्या पत्रात आहे. 21 मे 1957 रोजी लेनिनग्राडच्या अस्तोरिया हॉटेलात तो वारला. पण तीस-चाळीस वर्षं लागली नाहीत: त्याच्या आठवणी ‘मॉस्क्वा’ मासिकात 1962 मध्येच छापून आल्या.