पालीला चालले, माणसाला नाही: एका ग्रंथीचा इतिहास

१/ कफ परेडच्या मच्छीमार नगरात पाटीतील मासळी, घराच्या भिंतीवरील पाल आणि त्या घरातील माणूस, या तिघांच्याही मेंदूखाली एक चिमुकली ग्रंथी असते: पीयूषिका. वाढीचे संप्रेरक तिच्यातच तयार होते. त्याचे जनुक शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत असते. परंतु ते जागे होते ते मुख्यतः या ग्रंथीतील ठरावीक पेशींत.

२/ १९४४ साली कॅलिफोर्नियात चो हाओ ली आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी गोवंशाच्या ग्रंथींतून हे संप्रेरक वेगळे केले. कत्तलखान्यांत अशा ग्रंथी मुबलक मिळत. खुंटलेल्या वाढीच्या मुलांवर आता उपाय सापडला, अशी आशा निर्माण झाली.

३/ ती फोल ठरली. गुराढोरांचे संप्रेरक माणसावर परिणाम करीना. पुढे १९६० च्या दशकात तशाच सस्तन प्राण्यांचे संप्रेरक टोचलेल्या अ‍ॅनोलिस जातीच्या सरड्यांची वाढ मात्र झाली! उत्क्रांतीच्या वंशवृक्षात गायीला माणूस जवळचा आणि सरडा दूरचा. तरीही फळ उलटे.

४/ कारण पुढे उलगडले. वानर-मानवांच्या कुळात हे संप्रेरक आणि ते स्वीकारणारा पेशीवरील ग्राही, दोघेही बदलत गेले. कुलूप बदलले, त्याबरोबर किल्लीही. जुनी किल्ली सरड्याच्या कुलपाला अजून लागते, माणसाच्या नाही.

५/ मग उरला एकच स्रोत: माणूस. १९५८ मध्ये मॉरिस रेबेन यांनी मृतदेहांतील ग्रंथींपासून काढलेल्या संप्रेरकाने एका रुग्णाची वाढ घडवून आणल्याचे प्रसिद्ध केले. अनेक देशांत शवविच्छेदनगृहांतून ग्रंथी गोळा होऊ लागल्या. हजारो मुलांची उंची त्यामुळे वाढली.

६/ १९८५ साली या उपचारातून गेलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावल्याचे उघड झाले. दूषित ग्रंथींतून रोग त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. अमेरिकेत वापर थांबला. त्याच वर्षी जिवाणूंत मानवी जनुक घालून बनवलेल्या संप्रेरकाला तेथे मान्यता मिळाली.

७/ भारतात या ग्रंथीची कथा माशांच्या डोक्यातून पुढे सरकली. येथे हवे होते ते तिचे प्रजननाला चालना देणारे संप्रेरक. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. मत्स्यबीज पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही येत.

८/ १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. ताज्या माशांच्या डोक्यातील ग्रंथी अल्कोहोलमध्ये टिकवायच्या, खलात घोटायच्या, पाण्यात मिसळून निवळलेला अर्क मादीला दोन वेळा टोचायचा आणि नरमादीला कापडी हाप्यात सोडायचे, अशी ही रीत. बाजारात टाकून दिली जाणारी डोकी एकाएकी मोलाची ठरली. समुद्रातील शिंगाळ्याची ग्रंथीही पुढे उपयोगी पडली.

९/ १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाली. देशभरातील मत्स्य विभागांचे अधिकारी तेथे प्रशिक्षण घेऊ लागले. नंतर तयार कृत्रिम औषधे आली आणि डोकी फोडून ग्रंथी गोळा करण्याची गरज ओसरली.

१०/ मुलांचा उपचार मृतदेहांवर अवलंबून होता, मत्स्यबीज माशांच्या डोक्यांवर. दोन्हीकडे सुटका झाली ती रेणूची रचना हाती आल्यावर. पण मुलांच्या बाबतीत तोवर काही जीव गेले होते. अंगुलचा १० जुलै मात्र देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.