सनबीम टायगर : इंजिन दुसऱ्याचं, गाडी आपली

छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं स्वप्न कुणाला पडत नाही? आज अशाच एका गाडीची गोष्ट. ती खरोखर बनली, पळाली, आणि चांगली चालत असतानाच बंद पडली.

१९६०च्या सुमारास ब्रिटनची रूट्स कंपनी सनबीम अल्पाइन नावाची छोटी, टप उघडणारी स्पोर्ट्स कार विकायची. मुंबईत लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणाऱ्या एपीआयची सुरुवात करणारी रूट्स ती हीच. अल्पाइन दिसायला देखणी, पण आत चार सिलिंडरचं दीड-पावणेदोन लिटरचं इंजिन. ताकद ८० हॉर्सपॉवरच्या आसपास. अमेरिकेत आठ सिलिंडरच्या गाड्या बघितलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, रूप आहे हो, पण दम कुठाय?

कॅलिफोर्नियात रूट्सचं काम बघणाऱ्या इयन गॅरॅडला हे रोज ऐकावं लागत होतं. कॅरल शेल्बीने १९६२ मध्ये एसी कंपनीच्या हलक्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही-८ बसवून कोब्रा बनवली होती, तीही त्याच्या डोळ्यांसमोर होती. मग गॅरॅडने आपल्या सर्व्हिस मॅनेजरला कामाला लावलं. हा गडी मोजपट्टी घेऊन वेगवेगळ्या शोरूममध्ये गेला आणि इंजिनं मोजून आला! उत्तर निघालं, फोर्डचं २६० क्युबिक इंचांचं, म्हणजे सव्वाचार लिटरचं व्ही-८. बिडाचं ओतकाम पातळ भिंतींचं असल्यामुळे ते आकाराने आटोपशीर आणि वजनाला हलकं होतं.

१९६३ मध्ये दोन नमुने तयार झाले. एक केन माइल्सने साधारण आठवड्याभरात जुळवला. हो, ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ सिनेमातला तोच माइल्स! दुसरा, जास्त नीटनेटका, शेल्बीच्या वर्कशॉपमध्ये बनला. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या बड्या साहेबाला, लॉर्ड रूट्स यांना, यातलं काही माहीत नव्हतं. कळल्यावर ते नाराज झाले. पण गाडी चालवून बघितली आणि राग पळाला. फोर्डला थेट ३००० इंजिनांची ऑर्डर गेली.

आता कुणी म्हणेल, इंजिन बसलं की झालं! तसं नसतं. ताकद दुप्पट, म्हणजे १६४ हॉर्सपॉवर झाली, तर मागचा ॲक्सल मजबूत लागतो. जुन्या स्टिअरिंगची यंत्रणा जागेत बसेना, म्हणून रॅक अँड पिनियन आलं. ऑइल फिल्टरची जागा हलवावी लागली. एका बाजूच्या प्लगपर्यंत हात पोचेना, म्हणून इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून त्याला रबरी बूच लावलं. वेस्ट ब्रॉमविचला जेन्सन कंपनीत या गाड्या जुळायच्या. तिथे तर रंगवून आलेला पत्रा घणाने ठोकून इंजिनासाठी जागा करत!

एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटर शोमध्ये गाडी आली. नाव टायगर. पण त्याच वर्षी पैशांच्या अडचणीतल्या रूट्समध्ये क्रायस्लरने मोठा हिस्सा घेतला. क्रायस्लर म्हणजे फोर्डचा थेट स्पर्धक. आपल्याच गाडीत प्रतिस्पर्ध्याचं इंजिन, हे कसं चालायचं? पुढे गाडीवरचं फोर्डचं नाव काढून तिथे सनबीम व्ही-८ असा बिल्ला लागला.

मग क्रायस्लरने स्वतःचं व्ही-८ का नाही बसवलं? कारण ते मावेना. प्लगना पाळीपाळीने करंट पोचवणारा डिस्ट्रिब्युटर फोर्डच्या इंजिनात पुढे होता, क्रायस्लरच्या इंजिनात मागे. आणि मागेच तर जागा नव्हती! ज्या काटेकोर मापामुळे टायगर जन्मली, त्याच मापाने तिचा रस्ता अडवला. शेवटी शेवटी ४.७ लिटरच्या इंजिनाच्या काही शेकडा गाड्या निघाल्या आणि १९६७ मध्ये उत्पादन थांबलं. एकूण गाड्या जेमतेम ७०००.

विचार करा, टायगरमध्ये बिघाड नव्हता, गिऱ्हाईकही होतं. कोब्राच्या पाठीशी फोर्ड स्वतः उभी होती. टायगरचं इंजिन मात्र उसनं होतं, आणि नवा मालक ते देणाऱ्याचाच वैरी निघाला. इंजिन निवडताना लिटर आणि हॉर्सपॉवर सगळेच बघतात. ते उद्याही मिळत राहील का, हा हिशेब मोजपट्टीवर येत नाही.

भेटूया पुढच्या भागात!