अंगणातली शाळा आणि फडावरचे घर

शहरांतील काही सुशिक्षित आईवडील आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला बालवाडीत न घालता घरीच शिकवू लागले आहेत. या निर्णयाकडे बहुधा धाडसी प्रयोग म्हणून पाहिले जाते. इतिहास मात्र उलट सांगतो. एवढ्या लहान मुलाला शिकण्यासाठी घराबाहेर पाठविणे हाच आपल्याकडचा खरा नवा प्रयोग असून त्याला जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. त्यामुळे ‘घरी की शाळेत’ या वादापेक्षा आम्हाला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. मुलाजवळ बसायला ज्याला वेळ आहे असे माणूस घरात कोण होते, आणि ज्या घरात ते नव्हते तेथे काय झाले?

मराठवाड्यापुरते बोलायचे तर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या शिक्षणावर उर्दूचा वरचष्मा होता. अशा काळात सामान्य मुलाची मराठी घडली ती घरात, सप्ताहात, कीर्तनात आणि पहाटेच्या जात्याजवळ. दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोके टेकून पडलेले मूल नात्यागोत्यांची नावे, सणवार, देवादिकांच्या कथा आणि भाषेची लय एकदमच ऐकत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्याही आहेत. त्यांत बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण आहे. म्हणजे नव्या काळाचे भानही जात्यापर्यंत पोहोचले होते. या शिक्षणाला कोणी शिक्षण म्हटले नाही, कारण ते कामाच्या पोटातच चालत असे. त्याचा गौरव करतानाही एक गोष्ट विसरता येत नाही. अक्षर मात्र त्या जात्याजवळ बहुधा नव्हते.

अक्षरासह घरी शिकल्याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थाटन करीत फिरत होते. त्याला धड घरही नव्हते. तरीही १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिचा पाया आईनेच घातला होता. यावरून आम्ही एवढेच काढतो की, घरच्या शिक्षणाला भिंती लागत नाहीत. लागते ते शिकलेले एक माणूस आणि त्याच्या हातातली मोकळी घटका. त्या काळी या दोन्ही गोष्टी एकत्र असलेली घरे फार थोडी होती आणि ती कोणत्या जातींत होती हे सांगायला नको.

ही उणीव ओळखली ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यानंतर आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाल्यानंतर त्या बालशिक्षणाच्या अग्रणी झाल्या होत्या. परंतु मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने आणि नीटनेटके वर्ग ही शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांची सोय होती. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा वस्तीतली गरीब मुले बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. तो घर आणि शाळा यांच्या मधला आहे. घरातून मूल ओढून न्यायचे नाही, पण आईच्या डोक्यावर शिक्षिकेचेही ओझे टाकायचे नाही, हा त्यातला विचार.

१९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी हा विचार आणखी पुढे नेला. आदिवासी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. कुटुंबाचे रोजचे जगणे जसे आहे तसे धरून शिक्षणाने स्वतःचा आकार बदलावा, हे त्यांचे सूत्र. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यातले चालत जाणे मात्र हळूहळू मागे पडले. अंगणवाडी ही इमारत झाली.

याची किंमत बीड जिल्ह्यात दिसते. बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बिंदुसरेच्या धरणाजवळ पाली लागते. एचआयव्हीसह जगणाऱ्या, आप्तांना दुरावलेल्या मुलांसाठी दत्ता आणि संध्या बारगजे यांनी ‘इन्फंट इंडिया’चे घर उभारले ते येथेच. घर ही गृहीत धरायची गोष्ट नव्हे, ते उभारावेही लागते, हे या माळावर कळते. आणि याच बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हिशेबात माणसे नाहीत, अवजार आहे. मग मूल कोठून असणार? शाळेत जाणाऱ्यांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाला मागे ठेवता येत नाही. ते फडाच्या बांधावर, नाही तर कोपीत, थोरल्या बहिणीच्या भरवशावर राहते. आई पहाटे भाकरी थापून फडावर जाते आणि मोळ्या वाहून परतते तेव्हा मूल पेंगुळलेले असते. अक्षरशः हे मूलही ‘घरीच’ शिकत असते.

कायद्यालाही हे मूल नीट दिसत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ या वयाची हमी देतो. त्याआतल्या मुलांसाठी शासनाने व्यवस्था करावी, एवढे सुचवून थांबतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत मानले; परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. घरी शिकविण्याची निवड करणाऱ्या पालकांशी आमचे भांडण नाही; ते एका जुन्या परंपरेचेच वारस आहेत. मात्र निवड ही ज्याच्यापाशी वेळ आहे त्याचीच असते. कोयत्याच्या जोडीपाशी तो नाही. तिच्यासाठी ताराबाईंचे जुने उत्तर अजून शिळे झालेले नाही. मूल जेथे आहे तेथे, म्हणजे फडाच्या बांधापर्यंत, पाळणा आणि पाटी घेऊन वाडीने जावे. बोर्डीच्या अंगणापर्यंत ती १९४५ साली चालत गेलीच होती.