पिसावरचा डोळा आणि हातातला टॉर्च

आजचा भाग शेवगावातून, माझ्या खोलीतूनच. मागे पंख्याचा आवाज येतोय, तेवढा सांभाळून घ्या. लाइट गेली की तोही बंद होईल.

मोबाइलवर यूव्ही ग्लास बसवून घेतलीय का कधी? दुकानदार स्क्रीनवर पातळ गोंदाचा थेंब टाकतो, वर काच ठेवतो, जांभळा दिवा धरतो आणि थोड्या वेळात गोंद घट्ट. त्याच जातीचा गोंद, म्हणजे यूव्ही रेझिन, मी फ्लाय बांधताना वापरतो. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं, केस, लोकर बांधून केलेला नकली किडा. मासा फसतो तो त्याला. बांधून झालं की डोक्यावर रेझिनचा थेंब द्यायचा, टॉर्च मारायचा, झालं.

झालं, असं मला वाटायचं. गेल्या वर्षी काश्मीरला ट्राउट पकडायला निघालेल्या एका मित्राने माझ्याकडून दोन डझन फ्लाय बांधून घेतले. पोचल्यावर त्याने फोटो पाठवला. डबीत सगळे फ्लाय एकमेकांना चिकटलेले, पिसं उपटल्याशिवाय सुटेनात. त्याची सुट्टी गेली, पैसे गेले. त्याने मला शिवी दिली नाही, ते जास्त लागलं. चूक कुठे झाली हे शोधायला बसलो आणि थेट इतिहासात जाऊन पडलो.

गळ टाकणं हा काही साहेबांनी इकडे आणलेला शौक नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे. कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, सगळं त्यात येतं. पिसांचे शोभिवंत फ्लाय मात्र साहेबांचे. आणि त्यातलं सगळ्यात मानाचं पीस जायचं आपल्याकडून.

राखी रानकोंबडा. सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो. आपल्याच जिल्ह्याचं अकोल्याकडचं टोक सह्याद्रीत आहे, पण इकडे शेवगावच्या सपाटीवर तो कुठला दिसायला! त्याच्या मानेच्या पिसांवर पिवळसर-पांढरे ठिपके असतात, मेण ओतल्यासारखे चकचकीत. पाण्यात ते हुबेहूब माशाचा डोळा वाटतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सामन माशाच्या फ्लायांना हा डोळा हवाच असायचा. जॉर्ज केल्सनचं 1895 चं ‘द सामन फ्लाय’ पुस्तक उघडा, कृतीमागून कृतीत रानकोंबडा सापडेल. त्या काळात पक्ष्यांच्या पिसांचा व्यापार इतका माजला की 1902 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद करावी लागली. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज हे पीस विकणं-घेणं सरळ गुन्हा आहे. मलाही एकाने ‘पाहिजे का’ म्हणून विचारलं होतं. तो नंबर मी ब्लॉक केला.

मग डोळा कुठून आणायचा? साध्या गावठी कोंबड्याच्या पिसावर रंगाचा ठिपका द्यायचा आणि वर रेझिनचा थेंब. म्हणजे रानकोंबड्याच्या पिसावर निसर्गाने दिलेली ती चकाकी आता टॉर्चने आणायची. टॉर्चचं महत्त्व माझ्यासाठी एवढं आहे.

रेझिनच्या आधी इपॉक्सी होतं. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी इपॉक्सीचे पारदर्शक, टणक फ्लाय गाजवले. पण इपॉक्सी दोन नळ्यांतून काढून कालवायचं आणि ते घट्ट होईपर्यंत फ्लाय गोल फिरवत बसायचं, नाहीतर थेंब एका बाजूला ओघळणार. उजेडाने घट्ट होणारा गोंद आला आणि ती कटकट संपली.

उजेडाने पदार्थ घट्ट होतो ही गोष्ट मात्र फार जुनी. फ्रान्समध्ये 1820 च्या दशकात न्येप्स यांनी पत्र्यावर डांबराच्या जातीचा एक पदार्थ पातळ करून लावला. ऊन लागलं तिथे तो कडक झाला, बाकीचा धुऊन काढला. जगातला सगळ्यात जुना टिकलेला कॅमेऱ्याचा फोटो असा निघाला. त्याआधी 1801 मध्ये जर्मनीत रिटर यांना दिसलं होतं की जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे चांदीचा क्षार सगळ्यात लवकर काळा पडतो. हीच अतिनील किरणं.

न दिसणारा उजेड काम करतो, हे रिटर यांचं वाक्य (वाक्य माझं, शोध त्यांचा) मी विसरलो होतो. माझा टॉर्च डोळ्याला झगझगीत जांभळा दिसायचा, म्हणून मी त्याला जोरदार समजत होतो. 365 नॅनोमीटरचा चांगला टॉर्च उलट मिणमिणता दिसतो. 395 चा जास्त जांभळा दिसतो. दिसण्यावरून ताकद कळत नाही.

पण म्हणून 365 च घ्या, असंही मी म्हणणार नाही. रेझिनमध्ये एक द्रव्य असतं, ते ठराविक उजेडानेच जागं होतं. बाटलीवर 365 ते 405 असं काही लिहिलं असेल तर 395 चा बरा टॉर्च छान चालतो आणि स्वस्तही पडतो. फक्त 365 लिहिलं असेल तर तोच घ्या. दातांच्या डॉक्टरांचा जुना दिवा स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका. 1970 च्या दशकात दातांसाठी अतिनील दिवे होते, पण नंतर डॉक्टर निळ्या उजेडाकडे वळले. त्या निळ्याने आपलं बरंचसं रेझिन अर्धवटच राहतं.

आता बॅटरी. माझा खरा घोटाळा इथे होता. टॉर्चमध्ये तीन बारीक ट्रिपल-ए सेल. नवे अल्कलाइन असताना तिघांचे मिळून साडेचार व्होल्ट. मी काटकसर म्हणून चार्ज होणारे घातले. ते 1.2 चे, म्हणजे मिळून 3.6. यूव्ही एलईडीला जवळपास तेवढे व्होल्ट नुसते पेटायलाच लागतात. पहिले चार-पाच फ्लाय ठीक झाले, पुढे उजेड मंदावत गेला आणि मला काही कळलं नाही. मंद उजेडात रेझिन हळूहळू घट्ट होतं, तेवढ्यात हवेतला ऑक्सिजन वरच्या थरात ती क्रिया अडवतो. आत टणक, वर चिकट. चांगल्या टॉर्चनेही कधी कधी असा पातळ थर राहतो, तो अल्कोहोलने पुसला की जातो. माझा पुसून जाण्यातला नव्हता.

आता मी 18650 सेलचा टॉर्च वापरतो. 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. लिथियम-आयन, 1991 मध्ये सोनीने बाजारात आणली त्याच घराण्यातली, तुमच्या फोनमध्ये आहे तीच जात. घेताना एक बघा: सेलवर 9900 एमएएच छापलं असेल तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच बसतं. जो आकड्यात खोटं बोलतो, त्याच्या सेलमध्ये सुरक्षेची सोय असेल यावर माझा विश्वास नाही. आणि चार्जिंगला लावून झोपू नका.

टॉर्च तपासायची माझी पद्धत साधी. प्लॅस्टिकच्या झाकणावर रेझिनचा थेंब, टॉर्च मारायचा, टाचणीने टोचून किती सेकंद लागले ते बघायचं. मग टॉर्च पंधरा मिनिटं वापरायचा आणि तेवढाच थेंब पुन्हा. दुसऱ्यांदा वेळ दुप्पट झाला तर टॉर्च परत. थेंब पातळच द्या, काळ्या दोऱ्याखाली उजेड पोचत नाही. टॉर्चकडे थेट बघू नका, ओलं रेझिन बोटाला लागू देऊ नका. खाज सुटली की कायमची ॲलर्जी होऊ शकते. आणि नाथसागरावर गळ टाकायचा विचार असेल तर तो पक्षी अभयारण्य आहे, आधी परवानगीचं विचारा.

त्या मित्राला मी दोन डझन फ्लाय पुन्हा बांधून दिले. पिसांसाठी चिकनच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, “पिसं? घेऊन जा की पोतंभर, मला फेकायलाच लागतात.” मानेची तेवढी निवडून आणली. परवा रात्री आठला लाइट गेली. टॉर्च भरलेला होता. शेवटचे सहा फ्लाय मोबाइलच्या उजेडात बांधले, टॉर्चने सुकवले, आणि सकाळी सगळे एकाच डबीत मुद्दाम दाबून ठेवले. एकही चिकटला नाही.