संकटकाळी मदत मागणे : दुष्काळाच्या इतिहासातील एक धडा

संकटग्रस्त माणसास दोन गोष्टी एकाच वेळी छळतात. एक अभाव व दुसरी लाज. मदत जवळ असूनही लाजेमुळे वा अज्ञानामुळे ती दूर राहते, असे आपला इतिहास सांगतो.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी रानडे, सार्वजनिक काका प्रभृतींच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हकीकती गोळा करून सरकारपुढे मांडल्या. पुढे १८८० च्या फॅमिन कमिशनच्या अहवालावरून दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. धडधाकटांस काम, वृद्ध व पंगूंस कामाविना मदत आणि सारातहकुबी अशा तरतुदी त्यांत होत्या. परंतु नियम सरकारी दप्तरात आणि उपाशी माणूस शिवारात, अशी स्थिती होती. १८९६ साली पुन्हा अवर्षण झाले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून व सभेच्या द्वारे हे नियम मराठीत लोकांपर्यंत पोहोचविले. मदत ही मेहेरबानी नसून नियमाने मिळावयाची गोष्ट आहे, हे रयतेस प्रथमच उमगले. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली!

१९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. आमच्या एका विधवा चुलतीस भाऊबंदांनी खडी फोडण्याच्या कामावर जाऊ दिले नाही. म्हणे, घराण्याची अब्रू जाईल. मात्र त्याच भाऊबंदांनी तिला पायलीभर ज्वारीही दिली नाही. अखेर गावच्या गुरुजींनी तिच्या वतीने अर्ज लिहिला व तिचे नाव हजेरीपटावर चढले. त्या अर्जाने एक घर जगले. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदाच केला व काम मागणे हा हक्क ठरला.

ज्ञातिबांधवहो, आज पूर असो वा भूकंप, ११२ क्रमांकावर हाक मारता येते. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो. नुकसान झाल्यास पंचनाम्याचा आग्रह धरावा, अर्ज लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी व नक्कल जपून ठेवावी. तथापि एकाकी वृद्ध, विधवा व अपंग यांना हे कोण सांगणार? आपल्या मंडळाने प्रत्येक गावातील अशा व्यक्तींची यादी करावी व प्रत्येकीमागे एक लिहिता-वाचता तरुण नेमावा, अशी आमची नम्र सूचना आहे. मागण्यात अब्रू जात नाही. आपला माणूस उपाशी राहिला तर मात्र साऱ्या ज्ञातीची जाते.