घोडबंदर ते न्हावा-शेवा : सागरी विम्याची एक कथा

मीरा-भाईंदर नगरींतील घोडबंदर हें नांव तेथें समुद्रमार्गें येणाऱ्या घोड्यांवरून पडलें, असें सांगतात. त्या काळच्या व्यापाऱ्यास भय असे तें वादळाचें आणि चांच्यांचें. सागरी विमाही मुख्यतः अशाच भयांतून वाढला.

त्याच किनाऱ्यावर, मुंबई बंदरापलीकडील न्हावा-शेव्यास, २७ जून २०१७ रोजीं निराळेंच संकट आलें. युक्रेनमधील हिशेबाच्या एका संगणक-प्रणालींतून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक विषाणू सुटला, तो डेन्मार्कच्या मर्स्क कंपनींत शिरला आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्यावरील काम ठप्प झालें. जहाजें धडधाकट, याऱ्या जागच्या जागीं. पण कोणती पेटी कोणाची, हें सांगणारी वहीच जणूं मिटली! मर्स्कनें आपलें नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलें.

आणि विमा? लंडनच्या बाजारांत २००३ पासून सागरी विमापत्रांस ३८० क्रमांकाचें कलम जोडलें जात असे : अपाय करण्याच्या हेतूनें संगणक वापरून केलेली हानि भरून मिळणार नाहीं. वादळाचा हप्ता इमानानें भरणाऱ्या मालधन्यास हें कलम बहुधा संकट आल्यावरच नीट वाचावयास मिळे. २०१९ च्या सुधारित कलमानें निर्हेतुक बिघाडास संरक्षण दिलें. दुष्ट हेतूच्या हल्ल्यास मात्र तें नाहींच, त्यासाठीं निराळा करार, निराळा हप्ता.

गंमत अशी कीं, जहाजांच्या सुरक्षा-व्यवस्थेंत संगणकी धोक्यांचा विचार व्हावा, असा ठराव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें १६ जून २०१७ रोजींच, म्हणजे या हल्ल्यापूर्वीं अवघे अकरा दिवस, संमत केला होता. अंमलबजावणीस मुदत दिली ती २०२१ ची.